ऑइल चेकच्या झाकणाला लॅच कुठला? साकीनाक्याच्या गाळ्यातल्या एका होमबिल्ट विमानाचं प्रकरण

विमान दोन सीटचं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, पुढे रोटॅक्स ९१२ इंजिन, काउलिंग म्हणजे इंजिनावरचं आवरण फायबर ग्लासचं, आणि हे सगळं साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात उभं राहतंय. मालक माझा कॉलेजपासूनचा मित्र, मेकॅनिकल इंजिनियर. मदतीला एक काका आहेत, उभी हयात विमानांच्या मेंटेनन्समध्ये गेलेली, आता रिटायर होऊन कांजूरला राहतात. मालकाचा पुतण्या डिप्लोमा करतोय, तो त्यांना आजोबा म्हणतो. आणि मी शीट मेटलच्या धंद्यातला, त्यामुळे पत्रा, बिजागरी, रिव्हेट हे सगळं माझ्या वाट्याला.

ह्या प्रकरणातला प्रश्न दिसायला एवढासा आहे. काउलिंगवर ऑइल बघायला जे छोटं झाकण असतं त्याला लॅच कुठला लावायचा? पण ह्या झाकणावर आमची जेवढी चर्चा झाली तेवढी पंखाच्या स्पारवर, म्हणजे पंखाच्या मुख्य कण्यावर पण झाली नसेल, कारण स्पारचं ड्रॉइंग प्लॅनमध्ये तयार होतं आणि झाकणाबद्दल प्लॅनमध्ये एका ओळीत लिहिलेलं, की बिल्डरने आपल्या पसंतीचा लॅच वापरावा. सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडे घरी विमान बांधायचा विचार करणारी माणसं आता दिसायला लागलीयत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं आणि २०१६ च्या मेक इन इंडिया वीकमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात, बीकेसीला, लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं, तेव्हापासून हे आपल्याच्याने होणार नाही असं म्हणणारे कमी झालेत. अशा कोणाला तरी ह्याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

तर आधी झाकण किती वेळा उघडणार ते बघू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

रोटॅक्स ९१२ ड्राय संप इंजिन आहे, म्हणजे ऑइल इंजिनच्या तळात साठत नाही, वेगळी टाकी असते, आमची फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीवर बसवलीय. ऑइल बघायचं म्हणजे आधी इग्निशनचे दोन्ही स्विच बंद आहेत ना ते दोनदा बघायचं, मग टाकीची कॅप काढून प्रोपेलर हाताने, त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरवत राहायचा, टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत. तो आला की समजायचं क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनच्या पोटातलं ऑइल टाकीत परत गेलं आणि आता मागून नुसती हवा येतेय. मग डिपस्टिक पुसून परत घालून बघायची. कमाल आणि किमान खुणेत फरक फक्त ०.४५ लिटरचा, म्हणजे अंदाजपंचे चालत नाही. हे रोज उडायच्या आधी करायचं काम आहे. माणूस एका हातात फडका, दुसऱ्या हातात डिपस्टिक घेऊन उन्हात उभा असणार, खिशात स्क्रू ड्रायव्हर असेल-नसेल.

म्हणून स्क्रू आणि नटप्लेट (पत्र्यामागे रिव्हेट केलेला नट) हा पर्याय पहिल्याच दिवशी बाद. स्क्रूसारखी खात्रीची गोष्ट नाही हे मान्य, पंखाखालचे इन्स्पेक्शन पॅनेल आम्ही स्क्रूनेच बंद केलेत, ते वर्षातून एकदा उघडायचे. पण रोजच्या झाकणाला सहा स्क्रू लावले की काय होतं ते काकांनी सांगितलं, की चार दिवस माणूस निष्ठेने उघडतो, पाचव्या दिवशी म्हणतो काल तर बघितलं होतं. आणि एखादा स्क्रू हातातून सटकून काउलच्या आत पडला तर तो सापडेपर्यंत विमान जागेवरच. ऑइल बघायचा कंटाळा येईल अशी कुठलीही रचना मुळातच चुकीची, ह्यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं.

मालकाचा पहिला प्रश्न इंजिनियरचाच होता. "किती किलो धरणारा लॅच लागेल, ते आधी काढ."

काढलं. ह्या विमानाची कधीच ओलांडायची नाही ती स्पीड १३० नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण ६७ मीटर. समुद्रसपाटीची हवा धरली तर त्या स्पीडला डायनॅमिक प्रेशर, म्हणजे समोरून धडकणाऱ्या हवेचा दाब, येतं सुमारे २,७५० पास्कल. झाकण २०० बाय १५० मिलिमीटरचं, क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर, गुणाकार केला की ८२ न्यूटन, म्हणजे आठ-साडेआठ किलोचा जोर. पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण काउलिंगमध्ये पुढून हवा घुसते तिचा दाब झाकणाला आतून बाहेर ढकलतो, आणि त्याच वेळी वरच्या वळणावरून हवा जोरात धावते म्हणून बाहेरचा दाब पडतो, तो झाकणाला वर ओढतो. दोन्ही एकाच दिशेला. म्हणून दीडपट धरलं, साडेबारा किलो झाले, त्यावर १.५ चा सेफ्टी फॅक्टर लावला, १९ किलो. ह्यातला अर्धा भार बिजागरी घेणार, उरलेला दोन लॅचमध्ये वाटला जाणार. एका लॅचवर पाच किलोसुद्धा नाही.

पाच किलो तर नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळणारा कुठलाही लॅच आरामात धरतो! इथेच हे प्रकरण मला खरं इंटरेस्टिंग वाटायला लागलं, कारण आकडा बघितल्यावर कळलं की ताकद हा इथला प्रश्नच नाही. कॅटलॉग उघडला की पहिला कॉलम लोडचा असतो आणि सगळे त्याच कॉलमवर भांडतात, आणि आमच्या झाकणाला त्या कॉलमचा काडीचा उपयोग नव्हता. मग लॅच निवडायचा तरी कशावर?

पुतण्या मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवीला गेला आणि पिशवी भरून माल घेऊन आला, टेबलावर मांडला. किचन कॅबिनेटचा दाबला की उघडणारा प्लॅस्टिकचा खटका, नियोडायमियमचे मॅग्नेट, पत्र्याच्या पेटीला असतात तसे टॉगल, इलेक्ट्रिक पॅनेलचे कॅम लॉक. पोराने मेहनत केली होती आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन बोलणं झालं, असं करणं फार गरजेचं असतं, नुसतं 'विमानाला बाजारातलं चालत नाही' म्हणून पिशवी बाजूला सारली असती तर तो काही शिकला नसता.

मॅग्नेट त्याला सगळ्यात आवडला होता. कुठे भोक नाही, बाहेरून काही दिसत नाही. पण मॅग्नेटची पकड चिकटलेलं असताना जबरदस्त आणि दोन मिलिमीटर फट पडली की एकदम ढासळते, म्हणजे झाकण जरा उचललं गेलं की त्याला परत ओढून घ्यायची ताकद त्याच्यात उरत नाही. दुसरं म्हणजे उष्णता. साधे नियोडायमियम मॅग्नेट ८० अंश सेल्सिअसपर्यंतचे असतात, त्यावर गेले की ताकद कायमची कमी व्हायला लागते, आणि उडून आल्यावर इंजिन बंद केलं की काउलिंगच्या आतलं तापमान आधी वाढतं, कारण हवा वाहायची थांबते आणि इंजिनातली उष्णता तिथेच कोंडते. मुंबईच्या मे महिन्यात तर विचारूच नका. शिवाय डॅशवर मॅग्नेटिक कंपास आहे, त्याच्यापुढे मीटरभरावर मुद्दाम मॅग्नेट कोण आणून ठेवेल?

प्लॅस्टिकचा खटका त्याच उष्णतेने गेला. इंजिनच्या बाजूला जे काही असेल ते धातूचं, हा काकांचा नियम आणि त्यात वाटाघाट नाही, कारण आग लागलीच तर सगळ्यात आधी प्लॅस्टिक जातं. टॉगल चांगला असतो, ओव्हरसेंटर जातो म्हणजे मधल्या रेषेच्या पलीकडे जाऊन बसतो, मग भार वाढला की अजून घट्ट होतो, तत्त्व उत्तमच. पण तो पूर्ण बाहेर, हवेत उभा राहतो, आणि नागदेवीचा तो टॉगल झिंक प्लेटिंगचा होता. नमुना म्हणून गाळ्याच्या खिडकीत राहिला आणि श्रावण संपेस्तोवर त्याच्या पिनपाशी तांबूस डाग आले. मुंबईची हवा ही अशी आहे, खारी आणि ओली, इथे स्टेनलेस नसेल तर विषय संपला. आणि स्टेनलेस थेट अ‍ॅल्युमिनियमवर बसवलं तर अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं, मध्ये प्रायमर आणि सीलंट पाहिजेच. आमचं काउल फायबर ग्लासचं असल्याने इथे तो त्रास नव्हता, बिजागरीपुरती काळजी घेतली.

पॅनेलचा कॅम लॉक चावीने किंवा नॉबने फिरतो, आत एक पत्र्याची जीभ फिरून चौकटीखाली जाते, बस. तिला धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. रोटॅक्स ९१२ यूएलएस फुल थ्रॉटलला ५,८०० आरपीएमला फिरतो, गिअरबॉक्स २.४३ चा, म्हणजे प्रोपेलर मिनिटाला जवळजवळ २,४०० फेरे, तीन पात्यांचा धरला तर काउलिंगवर सेकंदाला सुमारे १२० वेळा हवेचा ठोका बसतो. न थांबता. असल्या ठोक्यांत ज्याच्यावर स्प्रिंगचा ताण नाही ते हळूहळू स्वतःहून फिरत जातं. कॅम लॉक गेला.

मग काकांनी त्यांची जुनी पेटी आणली.

एका डबीत झूस फास्टनर होता. विल्यम झूस ह्या माणसाच्या नावाने तो ओळखला जातो. रचना इतकी सोपी की बघत राहावं: झाकणाला एक खिट्टी, तिच्या टोकाला तिरकी वळणदार खाच, आणि चौकटीवर दोन्ही टोकांनी रिव्हेट केलेली एक एस आकाराची स्प्रिंगची तार. खिट्टी पाव फेरा फिरवली की तार त्या खाचेतून वर चढत जाते, ताणली जाते आणि शेवटच्या खळग्यात टक् करून बसते. तो टक् हाताला कळतो. दुसऱ्या डबीत कॅमलॉक, तोही क्वार्टर टर्नच, पण स्प्रिंग खिट्टीवरच असते आणि चौकटीला रिसेप्टॅकल, म्हणजे खिट्टी अडकवून घेणारा भाग. ह्याच्या काही सिरीजमध्ये लॉक सुटलं की खिट्टी स्वतःहून वर उसळून उभी राहते, हे लक्षात ठेवा, पुढे ह्याचाच मुद्दा येतोय. दोन्हींना खिट्टीची लांबी पत्र्याच्या जाडीप्रमाणे निवडावी लागते. एक साइज लांब घेतली तर झाकण सैल, एक साइज आखूड घेतली तर जोर लावून फिरवावं लागतं आणि मग खाच झिजते.

काकांचं मत सरळ होतं, दोन कॅमलॉक लावा आणि पुढच्या कामाला लागा.

मालकाला ते पटेना. "काका, तुमचं बरोबर आहे, पण ह्याला स्क्रू ड्रायव्हर लागतो. मला असं पाहिजे की नुसत्या बोटाने उघडलं पाहिजे." त्याच्या मनात होता हार्टवेलचा फ्लश लॅच, जो छोट्या विमानांवर अशा झाकणांना सर्रास दिसतो. वरून नुसती चपटी पट्टी, झाकणाच्या पृष्ठभागाशी लेव्हल. तिचं एक टोक बोटाने आत दाबलं की दुसरं टोक वर उचलतं आणि त्याच हालचालीत आतला बोल्ट चौकटीखालून मागे सरकतो. सोडलं की स्प्रिंगने परत. अवजार काही नाही.

"बोटाने उघडतं ते कशानेही उघडतं," काका म्हणाले. विमान धुताना कोणी हात टेकला, फडका अडकला, कळणारही नाही.

हे बोलणं इथेच अडकून बसलं असतं, कारण दोघांचंही बरोबर होतं. ते सुटलं काकांनीच विचारलेल्या एका प्रश्नाने. ते म्हणाले की लॅच उघडतो कसा हे सोडा, तो लागलाय हे तुम्हाला कळणार कसं?

आणि मग त्यांनी डीसी-१० ह्या मोठ्या प्रवासी विमानाची गोष्ट सांगितली, जी त्यांच्या पिढीच्या प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला माहीत आहे आणि आमच्या पिढीत फार कमी जणांना. १२ जून १९७२ ला अमेरिकन एअरलाइन्सच्या ९६ नंबरच्या फ्लाइटचा मागचा कार्गोचा दरवाजा कॅनडातल्या विंडसर शहरावर असताना उडून गेला, केबिनची जमीन मागच्या बाजूला खचली, पण पायलटनी विमान डेट्रॉइटला सुखरूप उतरवलं. कारण सापडलं होतं. दरवाज्याचे लॅच पूर्ण ओव्हरसेंटर गेले नाहीत तरी बाहेरचं हँडल जोर लावून खाली दाबता येत होतं, आणि हँडल खाली गेलं की दरवाज्यातलं छोटं व्हेंटचं, म्हणजे हवा जायचं दारही बंद व्हायचं. म्हणजे बाहेर उभ्या माणसाला सगळं व्यवस्थित लागलेलं दिसायचं आणि आत लॅच अर्धवट. दोन वर्षांच्या आत, ३ मार्च १९७४ ला, पॅरिसहून उडालेल्या तुर्किश एअरलाइन्सच्या ९८१ नंबरच्या फ्लाइटवर तेच झालं. ह्या वेळी केबिनची जमीन खचताना कंट्रोलच्या केबल गेल्या. ३४६ माणसं.

ती गोष्ट ऐकून गाळ्यात कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. आमचं झाकण दोन तळहातांएवढं, प्रेशरायझेशन म्हणजे केबिनमध्ये हवेचा दाब भरणं नाही, त्या दरवाज्याशी त्याची बरोबरी होत नाही हे उघड आहे. पण रोग तोच, की बंद *दिसणं* आणि बंद *असणं* ह्या दोन वेगळ्या अवस्था राहू शकतात. मोठ्या प्रवासी विमानांसाठीच्या अमेरिकन नियमात, २५.७८३ मध्ये, दरवाजा खरंच लॉक झालाय की नाही ते थेट डोळ्यांनी बघता येईल अशी सोय मागितलीय, ती ह्याचसाठी. होमबिल्टला तो नियम लागू नाही, पण त्यातलं शहाणपण घ्यायला कोण अडवतंय.

त्या दिवसापासून आमची कसोटी बदलली. किती किलो धरतो हे बाजूला पडलं. तीन गोष्टी बघायच्या ठरल्या, ह्याच क्रमाने: लॅच सुटला तर झाकणाचं काय होईल, अर्धवट लागलाय हे दोन मीटरवरून दिसेल का, आणि अर्धवट लागण्याची शक्यताच काढून टाकता येईल का.

पहिल्याचं उत्तर लॅचमध्ये नसून बिजागरीत आहे, आणि हे मी प्रत्येक बिल्डरला हात जोडून सांगेन की लॅचचा कॅटलॉग उघडायच्या आधी बिजागरी कुठल्या कडेला ते ठरवा. आमच्या पहिल्या स्केचमध्ये बिजागरी विमानाच्या मध्यरेषेकडच्या कडेला होती, बाजूला उभं राहून हात घालायला तेच सोयीचं पडतं. मागच्या कडेला बिजागरी म्हणजे सगळ्यात वाईट, लॅच सुटला की समोरून येणारी हवा झाकणाच्या खाली घुसते, ते सपकन उभं राहतं आणि उपटून मागे काचेवर किंवा शेपटीवर जातं. पुढच्या कडेला बिजागरी असेल तर तीच हवा झाकणाला दाबून ठेवायला बघते. वरच्या ओढीमुळे मागची कड थोडी उचलून थरथरेल, रंग जाईल, कड झिजेल, पण झाकण विमानावर राहील आणि पायलटला उतरायला वेळ मिळेल. म्हणून बिजागरी पुढे, पियानो हिंज म्हणजे कडेभर जाणारी अखंड बिजागरी, अ‍ॅल्युमिनियमची, आत स्टेनलेसची पिन, आणि पिन सरकून बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना वळवून अडकवलेली. ऑइल बघताना हात थोडा तिरका घालावा लागतो. घालू.

दुसऱ्या कसोटीसाठी काउल स्टँडवर ठेवला, कॅमलॉक आणि फ्लश लॅच नमुन्याच्या झाकणावर बसवले, आणि एकाने मुद्दाम एखादा लॅच अर्धवट ठेवायचा, दुसऱ्याने दोन मीटरवर उभं राहून सांगायचं लागलाय की नाही. स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा कॅमलॉक, खिट्टी न उसळणारा, पाव फेऱ्यातला अर्धाच फिरवला तर त्याच्या खाचेची दिशा दुपारच्या उजेडात कळत होती, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नाही. खाचेवर पांढरी रेघ आणि काउलवर तिच्या सरळ रेषेत दुसरी रेघ मारली तर बराच फरक पडला, हे ज्यांना क्वार्टर टर्नच लावायचेत त्यांनी जरूर करावं. उसळणाऱ्या खिट्टीचा कॅमलॉक ह्यात सरळ पास झाला. फ्लश लॅचही पास झाला, पण एका अटीवर: बोल्ट चौकटीखाली गेला नाही, नुसता तिच्यावर टेकला, तर पट्टी लेव्हलच राहते, तेव्हा झाकणाची कड उचललेली दिसली पाहिजे. झाकण आपल्या वजनाने खाली बसून राहिलं तर फसगत होऊ शकते.

तिसरी कसोटी इथून सुटली. मी आतून चौकटीला एक स्टेनलेसची पातळ पट्टीची स्प्रिंग लावली, जी झाकणाला मागच्या कडेपाशी वर ढकलत राहते. जोर जेमतेम, झाकणाच्या वजनाच्या दुपटीएवढा. पण त्याने होतं काय, की लॅच दोन्ही बसले नाहीत तर झाकण बंद राहूच शकत नाही, कड दीड सेंटिमीटर वर येते आणि पायलटच्या सीटवरून ती सरळ नजरेच्या रेषेत दिसते. एकच लॅच बसला तर झाकण तिरकं उभं राहतं, तेही दिसतं. अर्धवट बंद अशी अवस्थाच उरली नाही. जोर ह्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर बंद करताना माणूस तळहाताने ठोकायला लागतो आणि झाकण मध्ये वाकतं.

ह्यावर काकांनी फ्लश लॅचला होकार दिला, दोन अटी घालून. एक, लॅच दोन पाहिजेत आणि दोघांच्या पट्ट्यांमध्ये एवढं अंतर की एका हाताने चुकून दोन्ही दाबले जाणार नाहीत. दुसरी, पट्टीचं जे टोक वर उचलतं ते मागच्या दिशेला पाहिजे, म्हणजे अर्धवट उचललेलं राहिलं तर वारा त्याच्या खाली न घुसता त्याला दाबेल. दोन्ही अटी रास्त आहेत आणि पाळल्या. लॅच बाहेरून मागवले, कन्फॉर्मिटीच्या सर्टिफिकेटसकट (माल ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे असल्याचा कागद), यायला वेळ लागला, कस्टमचा खर्चही पडला. मालक एकदा म्हणाला होता, "अरे, मरोळच्या वर्कशॉपमध्ये ह्याची हुबेहूब कॉपी करून मिळेल." आकार मिळेल, पण स्प्रिंगचं स्टील कुठलं आणि तिला हीट ट्रीटमेंट काय दिली ते कागदावर कोण देणार? ह्या लॅचचा सगळा जीव त्या स्प्रिंगमध्ये आहे.

आता फुगवट्याबद्दल, कारण लॅच कितीही चांगला असला तरी दोन लॅचच्या मधली कड हवेत मोकळीच असते. झाकण दोन थर फायबर ग्लासचं, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं. काउल उलटा करून दोन घोड्यांवर ठेवला, झाकण लॅच केलेलं, आणि आतल्या बाजूला वाळूच्या छोट्या पुरचुंड्या सगळीकडे सारख्या पसरून १९ किलो भार दिला, म्हणजे उडताना आतून-बाहेरून मिळून जेवढा जोर येईल तेवढाच, त्याच दिशेला. लॅच ढिम्म हलले नाहीत. पण मधली कड पोळी फुगावी तशी फुगली, फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पानं एकावर एक लावून बघितलं तर तीन मिलिमीटर फट. एवढ्या फटीतून वारा घुसतो, झाकण फडफडतं आणि महिनोन् महिने फडफडून बिजागरीचे रिव्हेट ढिले करतं.

मालक म्हणाला मध्ये तिसरा लॅच लावू. मी नको म्हटलं. अजून एक लॅच म्हणजे अजून एक चुकायची जागा, आणि इथे कमी होता तो ताठपणा, पकड नव्हे. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून सगळं झाकण जाड न करता मागच्या कडेला आतून ०.६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची टोपीच्या आकाराची पट्टी वाकवून लावली, हॅट सेक्शन म्हणतात ती. फोमची रिब सोपी गेली असती पण इंजिनच्या बाजूला फोम नको. आधी एपॉक्सी, मग मऊ रिव्हेट, आणि फायबर ग्लासच्या बाजूला वॉशर. रिव्हेट हातोडीने ठोकायचे नाहीत, स्क्वीझरने दाबायचे, कारण ठोकले की धक्क्याने भोवतीचं ग्लास पांढरं पडून तडकतं. मग परत वाळू, परत फीलर गेज. अर्ध्या मिलिमीटरचं पान आत जाईना.

एक गोष्ट राहिली ती पायलटची. झाकण उडताना उघडलं तर ह्या रचनेत विमानाला फार काही होत नाही, पण टेक-ऑफच्या वेळी डोळ्यासमोर काहीतरी फडफडायला लागलं की माणूस त्याच्याकडे बघत बसतो आणि स्पीड, उंची ह्यांवरचं लक्ष जातं, खरा धोका तिथे आहे. म्हणून चेकलिस्टमध्ये दोन ओळी टाकल्यात. बाहेरच्या तपासणीत सगळ्यात शेवटी, चाकांचे ठोकळे काढल्यावर, झाकणाच्या मागच्या कडेखाली बोट घालून वर ओढून बघायचं, नुसतं बघायचं नाही. आणि हवेत उघडलंच तर आधी विमान उडवायचं, सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीचा फेरा पूर्ण करून उतरायचं, झाकणाचं मग. उतरल्यावर झाकण मुद्दाम उघडं ठेवायचं ठरलंय, कोंडलेली उष्णता बाहेर जायला, आणि पुढे बिजागरी असल्याने ते उभं राहिलेलं लांबूनही दिसतं.

सध्या काउल रंगाला जायच्या रांगेत आहे. पेंटरला काकांनी स्वतः जाऊन सांगितलंय की लॅच काढून द्यायचेत, मास्किंग टेप लावून वरून फवारायचं नाही, कारण पट्टी आणि तिच्या चौकटीतल्या फटीत रंगाचा थर बसला की लॅच परत यायला आळस करतो आणि बोल्ट पूर्ण बाहेर येत नाही. स्प्रिंगचा एक जास्तीचा सेट आणून ठेवलाय, दर वर्षीच्या इन्स्पेक्शनला जुन्या स्प्रिंगचा जोर काट्यावर मोजून लॉगबुकात लिहायचा, पहिल्या आकड्यापेक्षा कमी भरायला लागला की बदलायची.